उत्तर दिले म्हणजे मदत झाली का?



दिघीतल्या ज्या घरांत दहावी-अकरावीची मुले आहेत, तिथून एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. वडील भोसरी किंवा चाकणहून शिफ्ट संपवून आलेले असतात, आईची कामे उरकायची असतात, आणि मुलगी त्रिकोणमितीची वही पुढे करते. घरात कोणालाच ते येत नाही. मग शेजारचा इंजिनिअरिंगचा दादा गणित सोडवून देतो, नाहीतर मोबाइलने फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर हजर. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर हे फारच सोपे झाले आहे. फादर, असे उत्तर घेणे ही लबाडी आहे का?

मदत मागण्यात लबाडी नाही. उलट न मागण्यात पुष्कळदा गर्वच असतो. ज्यांना क्लासची फी परवडते ते मदत विकत घेतात, मग फोनवर विसंबणाऱ्या पोरालाच तेवढा दोष का द्यावा? आम्हांला खरा प्रश्न मदत देणाऱ्याबद्दल वाटतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली. बरे होते ते रोग्याचे शरीरच. वैद्य त्याला हातभार लावतो. तसेच समजून घेते ते विद्यार्थ्याचे मन. त्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींशी नवी गोष्ट जोडून दाखवली नाही, तर त्याच्यापाशी ज्ञान नव्हे, फार तर मत किंवा विश्वास तयार होतो, असे ते म्हणतात. 'दादाने सांगितले म्हणून साइन' हा असाच विश्वास!

अकरावीच्या भौतिकशास्त्रातले उदाहरण घ्या. गुळगुळीत फळी ३० अंशांनी कललेली आहे, तिच्यावर ठोकळा ठेवला. त्याचे त्वरण किती? उत्तर ४.९ मी/से², म्हणजे ९.८ गुणिले साइन ३०. मुले अडतात ती इथे : साइन घ्यायचा की कोसाइन? आडवे ते कोसाइन, उभे ते साइन, एवढेच पाठ असते आणि फळी तर ना आडवी, ना उभी. चांगला मदतनीस उत्तर सांगत नाही. तो विचारतो, "फळी सपाट ठेवली तर ठोकळा घसरेल का?" नाही. शून्य अंशाचा साइन शून्य, कोसाइन मात्र एक. कोसाइन धरला तर जेवणाच्या टेबलावरची ताटलीसुद्धा ९.८च्या त्वरणाने पळत सुटायची! मूल हसते, आणि पुढच्या वेळी साइन-कोसाइनची परीक्षा स्वतःच घेते. ताटली स्थिर राहते हे त्याला ठाऊकच होते.

रात्रीचे अकरा वाजलेत, वही सकाळी द्यायची आहे आणि पोर रडकुंडीला आले आहे, अशा वेळी तत्त्वज्ञान सांगणे आम्हांला निर्दयपणाचे वाटते. खुशाल उत्तर सांगा. पण रविवारी दुपारी त्याच गणितापाशी पुन्हा बसा. खरे कष्ट तिथे आहेत, आणि दादा लोक नेमके तेच टाळतात. झटपट सोडवून दिले की कौतुक होते. मूल चाचपडत असताना गप्प बसले तर कोणी वाहवा करत नाही.

आणि आठवीतून शाळा सुटलेल्या आईने काय करावे? तिने फक्त म्हणावे, "मला समजावून सांग बघू." उतरवून घेतलेले गणित दुसऱ्या वाक्यालाच अडखळते. तिथे तिने पेन्सिलने खूण करावी आणि सकाळी मुलाने ती खूण सरांना दाखवावी.