देवाचे दोन हात

क्रांती चौक हा छत्रपती संभाजीनगरचा मोर्चांचा चौक. 1857 च्या उठावातल्या सैनिकांना इथे देहदंड झाला, ती आठवण या नावात आहे. आजही हक्काचं काही मागायचं तर शहर इथेच जमतं. अशा शहरात ‘जग कोणी निर्माण केलं’ हा प्रश्न नुसता पोथीतला राहत नाही. माणूस कोणाच्या हातून घडला असं आपण मानतो, यावर त्याला कसं वागवायचं हेही ठरत आलं आहे. निर्मितीत त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तिघांत असलेल्या एकाच देवाचा, वाटा काय, या ख्रिस्ती शिकवणीकडे म्हणूनच गणिताचं कोडं म्हणून पाहू नये.

एकात तीन म्हटलं की आपल्याला दत्त आठवतो. देवगिरीचे जनार्दनस्वामी दत्तभक्त आणि पैठणचे एकनाथ त्यांचे शिष्य, त्यामुळे या मुलखाला तर तो फारच जवळचा. उत्पत्ती ब्रह्म्याची, पालन विष्णूचं, लय महेशाचा, ही मांडणी आपल्या अंगवळणी पडली आहे. त्याच चालीवर पिता निर्माता, पुत्र तारणारा, आत्मा पावन करणारा, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. चर्चला जाणारे अनेकजणही तसंच समजतात. मूळ शिकवण मात्र निराळी आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात देव बोलतो आणि सृष्टी होते. तेव्हा त्याचा आत्मा जलांवर वावरत असतो. योहानाचं शुभवर्तमान सांगतं की आरंभीचा तो शब्द म्हणजेच ख्रिस्त, आणि त्याच्यावाचून काहीही झालेलं नाही. चौथ्या शतकात कैसरियाच्या बेसिलने याची नीट मांडणी केली: सृष्टीचा उगम पित्यात, घडण पुत्राच्या द्वारे, पूर्णत्व आत्म्यामुळे. तिघांची कृती मात्र एकच. मराठीलाही हे नवं नाही. एकनाथांच्या हयातीतच गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं, त्यात सृष्टीच्या उत्पत्तीची कथा आहेच.

या शिकवणीची धार कळते ती ज्या वादात ती घासून निघाली त्यावरून. दुसऱ्या शतकात नॉस्टिक पंथ म्हणत, हे मातीचं जग कुणा हलक्या शक्तीने घडवलं. परमदेव अशा वस्तूला हात कशाला लावील? लियोंचा बिशप इरेनियस याने उत्तर दिलं: देवाला मध्यस्थ लागला नाही. पुत्र आणि आत्मा हे त्याचेच दोन हात आहेत आणि त्याच हातांनी त्याने माणूस मातीतून घडवला.

‘हात न लावणं’ म्हणजे काय, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. इथल्या ख्रिस्ती समाजातल्या असंख्य कुटुंबांचे पूर्वज अस्पृश्य ठरवलेल्या जातींतले होते. गावच्या पाणवठ्यावर त्यांना बंदी होती. ज्या देहाला देवाने स्वतः स्पर्श केला, त्याचा विटाळ मानणं हा देवाच्याच हातांचा अपमान ठरतो. पाणीही त्याच हातांचं, मग त्यावर एका जातीचा ताबा कसा?

आक्षेप आहेत, आणि ते गंभीर आहेत. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण त्रैक्याचा सिद्धान्त त्यांनी निमूटपणे गिळला नाही. पुढे पत्रांतून त्या आपल्या मार्गदर्शिकांशी वाद घालत राहिल्या. देव एकच असेल तर तिघे कशाला? आपल्या मुस्लीम शेजाऱ्यांचाही हाच सवाल आहे. मला पटणारं उत्तर असं: देव प्रीती आहे असं म्हणायचं, तर जग नसताना तो कोणावर प्रीती करत होता? त्रैक्याच्या श्रद्धेत ती प्रीती देवाच्या अंतरंगात आधीपासूनच आहे. त्याला सृष्टीची गरज नव्हती, म्हणूनच सृष्टी हे निखळ दान आहे. कुठल्या उणिवेची भरपाई नाही. असं दान कुणाच्या मालकीचं होत नाही, त्याचा सांभाळ करायचा असतो.

दुसरा आक्षेप याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभारणाऱ्या बाबासाहेबांचा आहे. 1956 मध्ये त्यांनी स्वीकारलेल्या धम्मात निर्माता देवच नाही, तरी समता आहे. समतेसाठी निर्मात्यावर श्रद्धा असलीच पाहिजे, असं म्हणून चालणार नाही. उलट ती श्रद्धा बाळगणाऱ्यांवर जबाबदारी जास्त येते. भारतातल्या चर्चनेही जात पाळली आहे. तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतसुद्धा जातीची भिंत उभी राहिली. देवाने हातांनी घडवलेल्यांना मेल्यावरही वेगळं ठेवणारी मंडळी तोंडाने त्रैक्याचा कितीही जयजयकार करो, ती इरेनियसच्या विरोधकांच्याच बाजूला उभी आहे. रविवारी मतांगीकार म्हणताना स्वर्ग व पृथ्वीच्या निर्माणकर्त्यावर विश्वास सांगणाऱ्या प्रत्येकाने सोमवारी आपण कोणाचा स्पर्श टाळतो आणि कोणाचं पाणी अडवतो, याचा जाब स्वतःला विचारला पाहिजे. या सिद्धान्ताची खरी परीक्षा तीच आहे.