मुनीमजींचं कुलूप

लातूरच्या मोंढ्यात एका आडत्याचं दुकान होतं. सोयाबीनच्या दिवसांत दाराशी ट्रॅक्टरांची रांग, आत मापाडी, हमाल, चहावाला आणि कोपऱ्यात एक जुनाट कॉम्प्युटर. तो चालू करायचे फक्त मुनीमजी. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पासवर्डची चौकट यायची, मुनीमजी चष्मा सावरून काहीतरी टाइप करायचे आणि मगच विंडोज उघडायची. ऐन हंगामात मुनीमजींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली.

शेठनं स्वतःचं नाव टाकून पाहिलं, पोरांची टाकली, मोबाईलचे नंबर टाकले. मशीन ढिम्म. गावात दाखवायची सोय नव्हती. "लातुरात दाखवलं की सांजच्याला मोंढाभर होतंय," असं म्हणत त्यांनी सीपीयू पोत्यात गुंडाळला, गाडीच्या डिकीत घातला आणि नांदेड गाठलं.

वजिराबादेत एका बोळात उस्तादांचं दुरुस्तीचं दुकान होतं. उस्तादांनी मशीनकडं बघण्याआधी शेठकडं बघितलं.

"काय व्हायलं?"

"चालू होईना गेलंय. मुनीमानं कुलूप घालून ठेवलंय."

"मुनीमजींना विचारलं का?"

"त्यांची वाचा गेली."

"आन् कान?"

शेठ जरा घुटमळले. मग म्हणाले, "विचारायचं काय त्यात? काही दाबलं असल्याबिगर पंधरा वर्षं कुणी कुलूप घालतंय व्हय?"

उस्तादांनी वाद घातला नाही. हार्डडिस्क काढली आणि आपल्या मशीनला जोडून दिली. लोकांना वाटतं तेवढं हे कुलूप भारी नसतं. बायोसचा पासवर्ड मशीनला सुरू होऊ देत नाही, पण डिस्कवर जे लिहिलंय त्याला तो हातही लावत नाही. (डिस्कला स्वतःचा पासवर्ड घालता येतो, ती गोष्ट वेगळी.) शेठनं दुपारभर खाती चाळली. तूर, हरभरा, सोयाबीन, हमाली, तोलाई. पैचा फरक निघाला नाही.

"मग कुलूप कशाला?" शेठ पुन्हा तिथंच.

असरच्या नमाजाला उस्ताद उठले आणि दुकानातल्या पोरानं संधी साधली. वायर काढली, पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज घालवली आणि मदरबोर्डवरची क्लिप स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं सरकवली, तसा बटणासारखा चपटा सेल टुणकन वर आला. तीन व्होल्टचा, सीआर २०३२. वीस मिलिमीटर रुंद, ३.२ जाड, म्हणून २०३२. १९८४ साली आयबीएमच्या एटी कॉम्प्युटरात अशी सेलवर जगणारी चिमुकली मेमरी आली आणि पुढं डेस्कटॉपची तीच रीत पडली. सेल निघाला की मेमरी सगळं विसरते, पासवर्डसुद्धा. लॅपटॉप असता तर पोराची ही फुशारकी चालली नसती. पुष्कळ लॅपटॉपांत पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो आणि तिला लक्षात ठेवायला वीज लागत नाही.

पोरानं थोडं थांबून सेल परत बसवला, डिस्क जोडली. पडद्यावर काहीतरी इंग्रजी तक्रार आली, त्यानं न वाचता एफ-वन दाबलं. विंडोज उघडली. शेठ खूश झाले, पैसे मोजले आणि उस्ताद यायच्या आत लातूरच्या रस्त्याला लागलेही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. "अरे, शेतकऱ्यांच्या पट्ट्यांवर तारीख २ जानेवारी २००९ यायली! लोक म्हणायलेत, शेठ, भावबी तवाचाच देणार का?"

घड्याळही त्याच सेलवर चालतं. पोरानं ते बसवलंच नव्हतं. फोनवर सांगून एका मिनिटात झालं असतं, पण उस्तादांनी पोराच्या हातात एसटीचे पैसे ठेवले. "आधी मुनीमजींच्या घरी जा. मग दुकानात."

मुनीमजी बाजेवर पडून होते. पोरानं पासवर्ड विचारला. त्यांचा डावा हात गोधडीवर फिरू लागला, एक उभी रेघ, एक आडवी, चार टोकं, मध्ये ठिपके. मग तेच बोट त्यांनी कपाळाला लावलं.

"वही म्हणायलेत," त्यांची बायको म्हणाली. "लक्ष्मीपूजनाची." आणि आपणहून पुढं बोलली, "शेठच्याच लेकरांनी गेम खेळता खेळता एकदा हिशोब पुसला होता. तवापासून कुलूप घालायलेत. लेकरांना बोलणी नकोत म्हणून शेठला बोलले नाहीत."

दुकानात वही देव्हाऱ्याखालीच होती. दर दिवाळीला शेठ तिच्यावर स्वस्तिक काढत, हळदकुंकू वाहत, सुपारी ठेवून हात जोडत. आत काय बघायचं, सगळं मशीनमध्ये हाय, असं त्यांचं म्हणणं. पोरानं पहिलं पान उघडलं. 'शुभ लाभ'च्या खाली वाळलेल्या कुंकवाचा थर होता. नखानं खरवडला. मुनीमजींच्या वळणदार अक्षरात एक ओळ निघाली: 'कॉम्प्युटर', आणि पुढं इंग्रजी लिपीत थोरल्या मालकांचं, म्हणजे शेठच्या वडिलांचं नाव, शेवटी गाळ्याचा नंबर. शेठनं माळ्यावरून मागच्या सालांच्या वह्या उतरवायला लावल्या. प्रत्येक वहीत तीच ओळ, त्याच जागी.

पोरानं तारीख बसवली, एक पट्टी छापून बघितली.

"शेठ, नवीन पासवर्ड काय टाकू?"

"थांब जरा." शेठनं पायात चपला सरकवल्या. "मुनीमजींना विचारून येतो."