झाकण्याआधी

सजावट म्हणजे लपवाछपवी का? अकूस्टिक गिटारच्या कडेची बाइंडिंगची पट्टी लाकडाला धक्क्यांपासून वाचवते, आणि वरची फळी व बाजू यांचा सांधा झाकतेही. पण ती बसवायची तर राउटरने आधी तोच सांधा कापावा लागतो. बाजूची फळी जेमतेम २ मिमी जाडीची. बाइंडिंग आणि शेजारच्या पर्फलिंगची खाच तिच्याही आत शिरते. मग वरची फळी टिकते ती आतून चिकटवलेल्या पट्टीच्या भरवशावर. ते चिकटकाम कच्चं असेल, तर खाच ते उघडं पाडते. आम्ही सॉफ्टवेअरवाले कुजक्या कोडवर देखणा स्क्रीन खुशाल चढवतो. आत हात घालावाच लागत नाही. जी सजावट झाकण्याआधी आतलं उघडं करायला लावते, तिला खोटी कसं म्हणायचं?