कठीण वर्गाची निवड

हार्वर्ड विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या गणितप्रेमी विद्यार्थ्यापुढे सिद्धतांवर भर देणारे तीन वर्ग असतात : 22, 25 आणि 55. तिन्हींत रेषीय बीजगणित आहे. 55 मध्ये मात्र विषयही अधिक आणि गतीही अधिक. निवड विद्यार्थ्याने स्वतः करावयाची, आणि सत्राच्या आरंभी ती बदलताही येते. तरी 55 हा आकडा पदवीसारखा मिरवावासा वाटतो. आमच्या बडोदे-इंदूरकडील घरांतून जी नातवंडे तिकडे जातात, त्यांच्या आजोबांनाही! (गणित त्यांना कळत नाही, क्रमांक तेवढा कळतो.)

झेपेल त्याहून जड उचलणे हे धाडस की अहंकार? आम्हांस वाटते, हे ओझ्यावरून ठरत नाही. कोणी विचारणार नसताना तो मुलगा सिद्धता पुन्हा स्वतः मांडून पाहतो का, यावरून ठरते. मित्राच्या वहीतून उतरविलेली सिद्धता 55 मध्येही उसनीच. बिल गेट्स 1973 साली हार्वर्डला आले व याच वर्गात बसले. आपल्याहून गणितात सरस मुले आहेत हे तेथे उमगल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. तेही शिक्षणच, परंतु त्यासाठी वर्षभर न कळणारे फळ्यावरून टिपत बसण्याची आवश्यकता नाही. काही आठवड्यांनी 25 मध्ये आलेल्या मुलास घरून 'माघार का घेतलीस?' अशी विचारणा होते. वास्तविक 25 नीट पुरा करणाऱ्यासही पुढील वर्षी वरचे अभ्यासक्रम खुलेच असतात.