बॅटरीचा जीर्णोद्धार

नवें देऊळ बांधण्यापेक्षां पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करण्यांत पुण्य अधिक, असें मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. हें पुण्य देवळापुरतेंच, कीं जिनें आपली सेवा केली अशा कोणत्याहि वस्तूच्या बाबतींत तें लागू पडतें? प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा. परंतु मोटारीच्या जुन्या बॅटरीसारखें अगदीं रूक्ष उदाहरण घेतलें असतां त्यांत विचार करण्याजोगें बरेंच कांहीं सांपडतें.

उदाहरणास सौंदड घ्यावें. गोंदिया जिल्ह्यांतील हें गांव सुरतेहून पारादीपास जाणाऱ्या ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर आहे, आणि भोंवतालचा मुलूख धानाचा. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टरला क्षणाची उसंत नसते. पुढें तोच ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे अंगणांत उभा राहतो. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. उष्णता आणि रिकामपण हे बॅटरीचे दोन मोठे वैरी. येथें दोघेहि पाहुणचारास असतात.

फ्रान्समधील गॅस्टन प्लांते ह्यानें १८५९ सालीं शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लांत ठेवून जी युक्ति काढली, तीच थोड्याफार फरकानें आजच्या मोटारींत नांदत आहे. वीज खर्च होऊं लागली म्हणजे पत्र्यांवर शिसें व गंधकाम्ल यांच्या संयोगाचा मऊ थर बसतो. वीज पुन्हां भरली कीं तो निघून जातो. मात्र रिती झालेली बॅटरी तशीच पडूं दिली तर हा थर हळूहळू कठीण स्फटिकांचा होतो, आणि मग कितीहि वीज ओतली तरी तो हलत नाहीं. पुष्कळ बॅटऱ्यांचा अंत श्रमानें न होतां असा उपेक्षेनें होतो.

म्हणून आयुष्य वाढविण्याचे खरे उपाय अगदींच बिनरुबाबाचे आहेत. गाडी फार दिवस उभी राहावयाची असेल तर ऋण बाजूची तार सोडून ठेवावी. महिन्यांतून एकदां मंद गतीनें बॅटरी भरावी. टोकांवर धरलेला पांढरा-हिरवा क्षार पुसून काढावा. झांकणें उघडणारी बॅटरी असेल तर पत्रे उघडे पडण्यापूर्वीं त्यांवर शुद्ध केलेलें पाणी घालावें, विहिरीचें नव्हे. कांहीं तास विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी, १२.४ च्या खालीं गेली कीं भरण्यास विलंब करूं नये. यांत चमत्कार नाहीं, आणि म्हणूनच बहुतेकांस त्याचा कंटाळा येतो.

मनुष्यास आवडतो तो संजीवनी मंत्र. अमेरिकेंत जेस रिची नांवाच्या व्यापाऱ्यानें 'ए. डी. एक्स-२' नांवाची पूड विकावयास काढली; मरूं घातलेल्या बॅटऱ्या तिनें तरतात असा त्याचा दावा होता. तेथील सरकारी मानक-संस्थेनें ती पूड निरुपयोगी ठरविली, तर १९५३ सालीं संस्थेचे संचालक अ‍ॅलन अ‍ॅस्टिन ह्यांनाच पद सोडण्यास सांगण्यांत आलें! शास्त्रज्ञांनीं गिल्ला केला, अ‍ॅस्टिन पदावर राहिले, आणि त्याच वर्षीं राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनें पुडींत कांहीं अर्थ नसल्याचा निर्वाळा दिला. रिचीस आम्हीं लबाड म्हणत नाहीं. स्वतःच्या पुडीवर त्याची श्रद्धाहि असेल. परंतु पूर्वीं केलेल्या हयगयीचें परिमार्जन एका चिमटीनें व्हावें, ही गिऱ्हाइकाची इच्छा त्या व्यापाराच्या मुळाशीं होती, यांत शंका नाहीं.

ह्याहून वाईट प्रकार म्हणजे जीर्ण बॅटरींत वरून तेजाब ओतणें. त्यानें हायड्रोमीटरचा आंकडा चढतो, विकत घेणारा फसतो, आणि पत्रे मात्र अधिक वेगानें झिजतात. हा जीर्णोद्धार नव्हे. प्रेतास दागिने घालून वरपक्षास दाखविण्याचा हा प्रकार आहे.

आतां कोणी म्हणेल, नव्या बॅटरीस हजारों रुपये पडतात. ज्याची शेती दोन एकरांची, त्यास नीतीचे धडे कशाला? आक्षेप खरा आहे. काटकसर ही त्याची गरज आहे आणि तिला नांवें ठेवणें हा भरल्या पोटाचा उद्योग होय. तरीहि एक भेद गरिबासहि चुकत नाहीं. ट्रॅक्टर बांधावर बंद पडला तर धक्का मालकानेंच मारावा लागतो. पण नवेगाव व नागझिरा ह्या जंगलांमधल्या रस्त्यावर रात्रीं मालमोटार बंद पडली, मागचे दिवेहि विझले, तर वांचविलेल्या पैशांची किंमत मागून येणारा अनोळखी मनुष्य मोजतो. धोका ज्यानें पत्करला नाहीं त्याच्या माथीं तो मारून केलेल्या बचतीस काटकसर हें नांव शोभत नाहीं.

आणि बॅटरी मेली म्हणून तिचा संबंध सुटत नाहीं. मोटारीच्या बॅटरीच्या वजनांत निम्म्याहून अधिक शिसें असतें. तें पुन्हां वितळवून वापरतां येतें, ही समाधानाची गोष्ट. परंतु उघड्या भट्टींत वितळविलें कीं धुरांतून व मातींतून तें मुलांच्या रक्तांत जातें आणि त्यांच्या बुद्धीची वाढ खुंटवितें. युनिसेफ व 'प्युअर अर्थ' ह्या संस्थांनीं २०२० सालीं काढलेल्या अहवालांत जगांतील सुमारें ८० कोटी मुलांच्या रक्तांत शिशाचें प्रमाण चिंताजनक असल्याचें म्हटलें आहे, आणि बॅटऱ्यांची अशास्त्रीय मोडतोड हें त्याचें एक प्रमुख कारण दिलें आहे. बॅटरी दोन वर्षें अधिक चालविणारा मनुष्य तितका काळ अशा एका भट्टीचें जळण रोखून धरतो. जीर्णोद्धाराचें पुण्य म्हणावयाचें तर तें येथें आहे.

२०२२ च्या नियमांनीं टाकाऊ बॅटरी इतर कचऱ्यांत न मिसळतां योग्य संग्राहकाच्या हातीं देण्याची जबाबदारी ग्राहकावरहि टाकली आहे. नियम चांगला आहे. पण दारावर येणारा भंगारवाला रोख पैसे देतो, आणि पुढें ती कोठें फुटणार हें त्यास कोणी विचारीत नाहीं. रात्रभर मंद गतीनें भरूनहि सहा कप्प्यांपैकीं एकाचा आंकडा इतर पांचांच्या मानानें फारच खालीं राहिला, कीं त्या बॅटरीचे दिवस संपले असें समजावें. मग ती पडवींत कुजवूं नये, फोडूंहि नये. तेजाब आंत तसेंच ठेवून, उभीच्या उभी, नवी घेतांना दुकानदाराकडे द्यावी, तिची किंमत नवीच्या किंमतींतून वजा करून घ्यावी, आणि जुनी कोणाकडे पाठवितां हें त्यास तोंडावर विचारावें.