काचेतली अमानत

जीव पाळणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न आमच्या घरात कोंबड्यांवरून किंवा मांजरीवरून कधी निघाला नव्हता. तो निघाला दोन फूट लांबीच्या काचेच्या टाकीवरून. पन्नासेक लिटर खारे पाणी, तळाशी पांढरी वाळू, दगडांना चिकटलेली मऊ प्रवाळे आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊनफिशची एक जोडी. पाहुणे येतात, 'माशाअल्लाह' म्हणतात आणि लगेच किंमत विचारतात. अब्बांनी मात्र पहिल्याच दिवशी विचारले, "समुद्र दहा मिनिटांवर आहे. तो घरात कोंडायचा कशाला?"

आमच्याकडे उत्तर तयार होते. सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर 'मर्जान'चा उल्लेख आहे. त्याचा अर्थ अनेक भाषांतरकार प्रवाळ असा करतात. अल्लाहची ही निशाणी मुलांनी डोळ्यांनी पाहावी, एवढाच आमचा हेतू होता. शिवाय हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक लहान पक्षी होता आणि प्रेषित मुहम्मद (स.) त्या मुलाकडे पक्ष्याची आपुलकीने विचारपूस करीत. नीट सांभाळ होत असेल तर पक्षी पाळणे जायज आहे, असे आलिमांनी त्यावरून म्हटले आहे. अब्बा ऐकून हसले. म्हणाले, "आणि मांजरीची हदीस?"

ती सर्वांना ठाऊक आहे. एका बाईने मांजर कोंडली. तिला खायला दिले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला मोकळेही सोडले नाही. म्हणून ती शिक्षेस पात्र ठरली. कोंडणाऱ्यासमोर दोन वाटा असतात, खाऊ घाल किंवा सोडून दे. तिने दोन्ही बंद केल्या.

खाऊ घालणे म्हणजे काय, हे आम्हाला टाकीने शिकवले. प्रवाळाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे शैवाल राहते आणि ते प्रकाशावर अन्न तयार करते. म्हणून दिवा वेळेवर लागलाच पाहिजे. पाणी वाफ होऊन उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोज गोडे पाणी घालून खारटपणा लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास राखायचा. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. तो पचवणारे जीवाणू दगडांवर वाढायला महिना-दीड महिना लागतो, आणि तोवर मासा आणायचा नाही. पाणी 25-26 अंशांवर हवे. ज्या सूरहमध्ये मर्जान आहे, तिच्यातच 'मिझान' आहे, म्हणजे तराजू, समतोल. समुद्र हा मिझान विनामूल्य राखतो. काच आडवी आली की तो आपल्या गळ्यात पडतो.

2024 च्या बकरी ईदला आम्ही गावी गेलो. पावसात रात्रभर वीज गेली आणि पंप बंद पडला. तिसऱ्या दिवशी परतलो तेव्हा पाणी गढूळ झाले होते, एक मासा पोट वर करून तरंगत होता आणि काही प्रवाळे विरघळली होती. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप काही फार महाग नव्हता. आम्ही तो घेतला नव्हता. हा दोष वीज कंपनीचा म्हणायचा की आमचा?

उरलेले जीव समुद्रात सोडावेत असे मुलीने सुचवले. पण ते या किनाऱ्याचे नव्हेत. इथे ते तगणार नाहीत, आणि टाकीतले रोग मात्र समुद्रात जातील. मांजरीला निदान सोडता आले असते. आम्ही कोंडलेल्या जिवांसाठी ती वाट आणतानाच बंद झाली होती. म्हणजे खरा निर्णय दुकानाच्या उंबरठ्यावरच व्हायला हवा होता.

पुढे एका दुकानदाराने कठीण प्रवाळाचा सुंदर तुकडा दाखवला. पावती नाही, कुठून आला याचे उत्तर नाही. आपल्या देशात कठीण प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. कायदा नसता तरी चोरीचा माल घरात ठेवून त्यातून अल्लाहची कुदरत कशी दाखवणार? आम्ही रिकाम्या हाताने परतलो. आता नवे काही हवे असेल, तर दुसऱ्या शौकिनाच्या टाकीत वाढलेल्या मऊ प्रवाळाचा तुकडा मागून आणतो. आंब्याचे कलम आणावे तसा.

ज्या वर्षी आमची टाकी गढूळ झाली, त्याच 2024 साली लक्षद्वीपची प्रवाळे तापलेल्या समुद्रात पांढरी पडली. उष्णता वाढली की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकते आणि उपाशी राहते. टाकीतले पाणी बिघडले तर आम्ही बादलीभर बदलतो. समुद्रासाठी बदलायचे पाणी कुठून आणणार? मालकी आपली नाही, सांभाळ मात्र आपला आहे. अमानत म्हणजे दुसरे काय?

अब्बांचा प्रश्न सुटला असे आम्ही म्हणत नाही. तेही म्हणत नाहीत. फक्त फजरच्या नमाजनंतर टाकीत गोडे पाणी घालायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे. ते म्हणतात, "आणलेच आहे, तर आता हिशेब द्यावा लागेल."