उड्डाणाचे श्रेय

ऑक्टोबर २०२२ मध्ये अलास्काहून निघालेला पट्टेरी शेपटीचा एक पाणटिवळा अकरा दिवसांनी टास्मानियात उतरला. अंतर १३,५६० किलोमीटर. वाटेत विसावा नाही, अन्न नाही, पाणी नाही. वय जेमतेम पाच महिने. पाठीवरच्या इवल्या यंत्राने उपग्रहाला हा मार्ग कळवत ठेवला आणि जगभर या विक्रमाचे कौतुक झाले. ते व्हायलाच हवे. पण या उड्डाणाचे श्रेय एकट्या पंखांना देणे मला अपुरे वाटते. त्यात मोठा वाटा आहे चिखलाचा.

हा पक्षी घडला आहे तोच चिखलासाठी. पाय लांब, चोच त्याहून नजरेत भरणारी आणि टोकाशी किंचित वर वळलेली. एरवी अंगावर करडा-तपकिरी रंग. विणीच्या हंगामात नराचे पोट विटकरी तांबडे होते. मादी आकाराने मोठी, तिची चोचही अधिक लांब, त्यामुळे ती जास्त खोलवर शोध घेते. चोचीच्या टोकाला स्पर्शाची तीव्र जाण असते आणि चिखलात रुतलेली असतानाही नुसते टोक उघडून तो अळी पकडू शकतो. त्याचा दिवस सूर्यावर नव्हे, समुद्रावर चालतो. ओहोटी लागली की थवा उघड्या चिखलावर पांगतो, मग रात्र का असेना. भरती आली की उंच जागी दाटीने उभा राहतो.

निघण्यापूर्वी तो इतके खातो की वजनाचा जवळपास अर्धा भाग चरबीचा होतो. त्याच वेळी पोटातली पचनाची इंद्रिये आक्रसतात, कारण प्रवासात त्यांचा उपयोग नाही. मग वादळाच्या कडेने वाहणारा अनुकूल वारा साधून थवा झेपावतो. बदकासारखे पाण्यावर टेकणे त्याला जमत नाही आणि पंख पसरून नुसते तरंगत राहण्याची त्याची रीत नाही. अकरा दिवस पंख हलत राहतात ते किनाऱ्यावर साठवलेल्या शिदोरीवर.

म्हणूनच स्वावलंबनाचे प्रतीक म्हणून या पक्ष्याकडे बोट दाखवणे मला पटत नाही. जितकी झेप मोठी, तितकी तिची मदार ठरावीक जागांवर. २००७ मध्ये ‘ई७’ नावाच्या मादीने हे स्पष्ट दाखवले. न्यूझीलंडहून उत्तरेकडे जाताना ती पीत समुद्राच्या किनाऱ्यावर थांबली, तिथे पोट भरले आणि मगच अलास्काला गेली. परतताना मात्र तिने सुमारे ११,७०० किलोमीटर एका दमात कापले. त्याच पीत समुद्रावर दक्षिण कोरियाने सेमांगम इथे ३३ किलोमीटरची भिंत २००६ मध्ये पूर्ण केली आणि भरती-ओहोटीचा विस्तीर्ण प्रदेश समुद्रापासून तुटला. गेल्या अर्धशतकात या समुद्राकाठची निम्म्याहून अधिक चिखलमैदाने गेली असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. न्यूझीलंडने आपला किनारा कितीही जपला, तरी ही तूट तिथे भरून निघत नाही. साखळीतली एक कडी गेली की उरलेल्या कड्यांचे काम थांबते.

यातून काही शहाणपणही आले. चीनने २०१८ मध्ये व्यापारी कारणांसाठी समुद्रात भराव टाकण्यावर कडक निर्बंध आणले. २०१९ मध्ये त्याच्या किनाऱ्याचा काही भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, २०२१ मध्ये कोरियाची चिखलमैदानेही. आपल्याकडे हिवाळ्यात याच कुळातले काळ्या शेपटीचे पाणटिवळे ठाण्याच्या खाडीत उतरतात. त्या खाडीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला, ही समाधानाची गोष्ट आहे.

पण दर्जा मिळणे आणि किंमत कळणे यांत अंतर असते. जिथे पीक नाही, इमारत नाही, ती जमीन वाया चालली असे मानायची सवय आपल्याला आहे. पाणटिवळ्याचा प्रवास तो हिशेब खोटा ठरवतो. खाडीतला चिखल बुजवायचा की ठेवायचा हे ठरवताना आपण हजारो किलोमीटरांपलीकडच्या घरट्यांचेही भवितव्य ठरवत असतो. ही जबाबदारी आपल्या गावाच्या वेशीवर संपत नाही, कारण पक्ष्याचे आयुष्यही तिथे संपत नाही.